नुसत्या एका सहीवरून शंभर वर्षं भांडण: अठराव्या शतकातलं अँग्लिकन चर्च, सोप्या भाषेत

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की सारा मुलाली कँटरबरीच्या आर्चबिशप होणार. चर्च ऑफ इंग्लंडमधलं हे सगळ्यात वरचं धर्मपद आणि तिथं बसणारी ही पहिलीच बाई. दोनेक आठवड्यांत परंपरावादी अँग्लिकनांच्या एका मोठ्या गटानं, त्यात आफ्रिकेतली चर्चेस बरीच, जाहीर करून टाकलं की आम्ही यापुढे कँटरबरीच्या तोंडाकडे बघून चालणार नाही. आमच्या ग्रुपवर लगेच प्रश्न सुरू. हे अँग्लिकन म्हणजे कॅथलिक का प्रोटेस्टंट, बाईला एवढा विरोध का, आणि मुळात धर्मगुरूचं नाव पंतप्रधानांच्या ऑफिसातून का जाहीर होतं?

यातला शेवटचा प्रश्न लाखातला आहे. बाकीच्यांची उत्तरं गूगल देतं पण याचं नीट उत्तर पाहिजे तर अठराव्या शतकात जावं लागतं, कारण त्या शंभर वर्षांत हे चर्च स्वतःशीच भांडत होतं, आणि भांडणाचे विषय वरवर फार मोठे म्हणजे देव एक का तीन, मोक्ष कोणाला, चर्चला अधिकार कुणी दिला वगैरे, पण जरा खरवडलं की खाली दर वेळी तेच निघतं: कागदावर सही कोणी करायची, कुठला अर्थ मनात धरून करायची, आणि नाही केली तर नोकरी राहते का.

आधी बेसिक: चर्च कसलं, सरकारी खातंच

१५३४ मध्ये आठव्या हेन्रीनं पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख राजा झाला. हेच चर्च ऑफ इंग्लंड, त्यातून जगभर पसरलेली शाखा म्हणजे अँग्लिकन. रोमला मानत नाही म्हणून प्रोटेस्टंट, पण बिशप, झगे, ठरलेली प्रार्थना हे सगळं ठेवलं म्हणून बघणाऱ्याला थोडं कॅथलिक वाटतं. दोन्ही डगरींवर पाय, आणि तो मुद्दामच ठेवलेला.

बिशप राजा नेमणार (आज त्यांची नावं पंतप्रधानांच्या ऑफिसातून येतात ती म्हणूनच), त्यातले २६ जण वरिष्ठ सभागृहात म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणार (आजही बसतात), आणि गावोगावी एक पाद्री. गावच्या पाद्र्याचं पद आपल्याकडच्या वतनासारखं समजा. घर मिळतं, जमिनीचं उत्पन्न मिळतं, गावकऱ्यांच्या पिकाचा दहावा हिस्सा मिळतो आणि एकदा बसला की सहसा मरेपर्यंत उठवता येत नाही. त्या जागेवर कोणाला बसवायचं हा हक्क बऱ्याच ठिकाणी गावच्या जमीनदाराकडे, आणि हा हक्क चक्क विकता यायचा, म्हणजे मुलगा पाद्री होणार असेल तर बापानं आधीच एक गाव घेऊन ठेवायचं. आता अशा चर्चमध्ये कोण काय मानतो हा प्रश्न खासगी राहीलच कसा? पगार, पद, पार्लमेंट सगळं त्याला चिकटलेलं.

चर्चच्या बाहेर जे प्रोटेस्टंट होते त्यांना डिसेंटर म्हणायचे. १६८९ च्या कायद्यानं त्यांना आपापली प्रार्थना करायची मोकळीक मिळाली पण सरकारी पदाला हात लावायचा असेल तर सरकारी चर्चमध्ये येऊन प्रसाद घ्या, अशी अट राहिली ती थेट १८२८ पर्यंत. कॅथलिकांना तर ती मोकळीकही नाही.

ती ३९ कलमं

आता ज्या कागदावरून सगळं पेटलं तो कागद. एलिझाबेथ राणीच्या काळात, १५७१ मध्ये, चर्चची मतं ३९ कलमांत पक्की केली आणि पाद्री व्हायचं असेल तर त्यांवर सही सक्तीची केली. पहिलं कलम त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. सतरावं म्हणतं की तारण कोणाचं होणार हे देवानं आधीच ठरवलंय. एक कलम पोपला इंग्लंडमध्ये काही अधिकार नाही असं सांगतं, आणि त्यातच ख्रिस्ती माणसानं हत्यार उचलून लढाईला जायला हरकत नाही असंही आहे.

गंमत बघा, सहावं कलम म्हणतं की तारणासाठी लागणारं सगळं बायबलमध्ये आहे, जे तिथं नाही ते कोणावर लादू नये. आणि विसावं म्हणतं की धर्माच्या वादात चर्चला अधिकार आहे. म्हणजे सोसायटीच्या बायलॉजमध्ये एका पानावर 'सभासद सर्वोच्च' आणि पुढच्या पानावर 'कमिटीचा निर्णय अंतिम'. भांडण होणार नाही तर काय.

आणि सही फक्त पाद्र्यांची नाही. ऑक्सफर्डमध्ये नाव घालतानाच पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी ३९ कलमांवर सही करायची, केंब्रिजमध्ये डिग्री घेताना. गणित शिकायला आलेला असो का वैद्यकी. आपण अ‍ॅप टाकताना खाली न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो तसंच बहुतेक पोरं करत असणार. फरक इतकाच की इथं अटी देवाबद्दल होत्या आणि काही पोरं पुढे मोठी होऊन खरंच वाचायला बसली.

शपथेवरून पहिली फूट

याची रंगीत तालीम १६८९ लाच झाली होती. दुसरा जेम्स राजा कॅथलिक, त्याचा हुकूम मानला नाही म्हणून १६८८ मध्ये सात बिशपांना त्यानं टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी जेम्स पळाला, विल्यम आणि मेरी आले, नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घ्या म्हणून फर्मान निघालं, तर त्या सातातल्या पाच जणांनी नकार दिला! का, तर जेम्सला दिलेली शपथ तो वाईट आहे म्हणून मोडत नाही. आर्चबिशप सँक्रॉफ्टची गादी गेली, शेकडो पाद्र्यांच्या जागा गेल्या. मला स्वतःला ही माणसं अतिशय हट्टी आणि तरी आवडण्यासारखी वाटतात.

मागे राहिले त्यांच्यात दोन तट पडले. हाय चर्च म्हणजे चर्चचा दरारा पाहिजे, डिसेंटरांना ढील नको म्हणणारे, आणि लो चर्च म्हणजे जरा सैल सोडा म्हणणारे. पहिल्यांचा पक्ष टोरी, दुसऱ्यांचा व्हिग. १७०९ मध्ये हेन्री सॅशव्हरेल नावाच्या हाय चर्चवाल्यानं लंडनच्या सेंट पॉल्समध्ये व्हिगांवर आणि डिसेंटरांवर असं काही झणझणीत प्रवचन दिलं की सरकारनं त्याच्यावर पार्लमेंटमध्ये खटला भरला, आणि खटला चालू असताना १ मार्च १७१० च्या रात्री जमावानं डिसेंटरांची प्रार्थनाघरं फोडून आतल्या बाकांची रस्त्यावर होळी केली. शिक्षा काय, तीन वर्षं प्रवचन बंद. तो हिरो झाला आणि त्याच वर्षी टोरी निवडणूक जिंकले. केस टाकून माणूस मोठा करायचा प्रकार जुनाच आहे.

बिशपच म्हणाला, चर्चला अधिकारच नाही

३१ मार्च १७१७. राजा पहिला जॉर्ज, जर्मनीतून आलेला, इंग्रजी बेताचीच. त्याच्यासमोर वेल्समधल्या बँगरचा बिशप बेंजामिन हॉडली प्रवचनाला उभा राहिला. वचन घेतलं बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकातलं, 'माझे राज्य ह्या जगाचे नाही'. आणि त्यावरून मुद्दा असा काढला की ख्रिस्ताचं राज्य जर या जगातलं नाही तर त्यानं मागे कोणी कारभारी पण नेमलेला नाही, श्रद्धेच्या बाबतीत कायदा करणारा तोच आणि न्याय करणारा पण तोच, त्यामुळे कुठल्याही बिशपला, महासभेला किंवा चर्चला माणसाच्या सद्सद्विवेकावर हुकूम सोडायचा हक्क नाही. माणूस मनापासून मानतो का एवढंच देव बघतो.

कल्पना करा, सोसायटीचा चेअरमनच वार्षिक सभेत उभा राहून म्हणाला की मेंटेनन्स मागायचा हक्क कमिटीला नाहीच. तसं झालं. शेकड्यांनी पत्रकं छापली गेली आणि रागाचा पारा असा चढला की मूळ प्रवचन बाजूला राहून कोण कोणाला काय बोललं यावरच पत्रकं निघायला लागली (ओळखीचं वाटतंय ना). विरोधकांतला सगळ्यात धारदार विल्यम लॉ, त्याचा सवाल साधा होता: मनापासून मानणं एवढंच पुरेसं असेल तर मग ख्रिस्ती असणं आणि दुसरं काही असणं यात फरक काय राहिला, आणि मग तू बिशप कशाला?

पाद्र्यांची एक सभा असायची, कॉन्व्होकेशन. तिच्या खालच्या सभागृहानं मे महिन्यात हॉडलीच्या विरोधात रिपोर्ट तयार केला. पुढची कारवाई व्हायच्या आत राजानं सभाच तहकूब केली. आणि ही तहकुबी किती दिवसांची, तर ती सभा खऱ्या अर्थानं कामाला परत बसली १८५२ मध्ये. १३५ वर्षं! चर्चला अधिकार आहे का नाही या वादाचा निकाल राजानं असा लावला की अधिकार आहे, पण तो माझा. हॉडलीला मात्र बढतीवर बढती मिळत गेली, हेरफर्ड, सॉल्झबरी आणि शेवटी विंचेस्टर, म्हणजे देशातल्या सगळ्यात मलईदार गाद्यांपैकी एक. बँगरला तर तो बिशप असताना एकदाही फिरकला नाही असं म्हणतात. या जगाचं नसलेल्या राज्यातली माणसं या जगात बरी सेटल झाली होती एकूण.

हे तिकडे चालू असताना इकडे मुंबईच्या किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीचं अँग्लिकन चर्च बांधून होत होतं. १७१८ च्या ख्रिसमसला ते उघडलं, सेंट थॉमस. त्या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. दरवाजा गेला, नाव लोकलच्या इंडिकेटरवर राहिलं.

मनात एक, कागदावर एक?

हॉडलीच्या पाच वर्षं आधी, १७१२ मध्ये, सॅम्युअल क्लार्क नावाच्या हुशार पाद्र्यानं एक उद्योग केला. तो लंडनमधल्या सेंट जेम्स चर्चचा रेक्टर, न्यूटनच्या बैठकीतला. नव्या करारातली त्रैक्याशी संबंध असलेली १२५१ वचनं त्यानं गोळा केली, एकेक तपासली, आणि म्हणाला की यातून पिता हाच सर्वोच्च देव दिसतो, पुत्र त्याच्या खालचा. म्हणजे पहिल्या कलमालाच सुरुंग. खुद्द न्यूटनचं मत तसंच होतं पण तो शहाणा, आयुष्यभर गप्प बसला. केंब्रिजमध्ये न्यूटनच्या खुर्चीवर नंतर आलेला व्हिस्टन मात्र उघड बोलला आणि १७१० मध्ये त्याला तिथून हाकलून दिलं होतं.

क्लार्कनं मधला रस्ता काढला. म्हणाला, कलमांवर सही करायला हरकत नाही, फक्त बायबलशी जुळेल तो अर्थ आपल्या मनात धरून करायची. आता आली का पंचाईत? घरभाड्याच्या करारावर सही करायची आणि नंतर म्हणायचं की 'भाडं' या शब्दाचा मी घेतलेला अर्थ वेगळा होता. केंब्रिजच्या डॅनियल वॉटरलँडनं १७२१ मध्ये हेच म्हटलं, की ज्यांनी कलमं लिहिली त्यांच्या मनातलाच अर्थ धरायचा, नाहीतर सही ही लबाडी.

यावर आर्थर सायक्स नावाच्या पाद्र्यानं जे उत्तर दिलं ते वाचून मी मोठ्यानं हसलो. तो म्हणाला, वॉटरलँडसाहेब, सतराव्या कलमाचं काय? लिहिणाऱ्यांचा अर्थ देवानं आधीच निवड केलीय असा होता, तुमच्यातले निम्मे लोक ते मानत नाहीत आणि तरी सही ठोकून बसलेत. तुमचा वेगळा अर्थ चालतो आणि क्लार्कचा चालत नाही? याला कोणाकडे धड उत्तर नव्हतं. क्लार्कनं स्वतः लेखी दिलं की या विषयावर प्रवचन करणार नाही, आणि पुन्हा सही करावी लागेल असं कुठलंही वरचं पद पुढे घेतलं नाही. त्याच्या प्रार्थनापुस्तकाच्या प्रतीत त्यानं पेनानं खाडाखोड करून ठेवली होती, ती लक्षात ठेवा, पुढे उपयोगाला येणार आहे.

मेथडिस्ट कुठे बसतात यात?

अठरावं शतक म्हटलं की जॉन वेस्लीचं नाव येतंच, मेथडिस्ट म्हणजे त्याच्या चळवळीतली माणसं. १७३९ पासून तो ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानात कोळसाखाणीच्या मजुरांना प्रवचन द्यायला लागला, कारण पाद्री म्हणून ज्याच्या त्याच्या गावाची हद्द ठरलेली आणि याला चर्चचे दरवाजे बंद व्हायला लागलेले. लोक रडायचे, पडायचे, बिशप लोक कपाळाला हात लावायचे. पण वेस्ली मरेपर्यंत म्हणजे १७९१ पर्यंत म्हणत राहिला की मी चर्च ऑफ इंग्लंडचाच. वेगळं चर्च त्याच्या मागे झालं.

त्याचीही गोष्ट मोठी आहे, इथं एकच प्रसंग सांगतो कारण तो सहीशी जोडलेला आहे. १७६८ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट एडमंड हॉलमधून सहा विद्यार्थ्यांना काढून टाकलं. घरोघर जाऊन प्रार्थना घेतात, मेथडिस्ट आहेत, आणि शिक्षणात कच्चे आहेत असे आरोप. त्यांची बाजू घेणाऱ्यांनी विचारलं की अहो, ही पोरं तर सतराव्या कलमासकट ३९ कलमं अक्षरशः मानतात! सही करून न मानणारे प्राध्यापक आत, आणि मानणारी पोरं बाहेर. इंग्रजी शब्दकोशवाल्या सॅम्युअल जॉन्सनला मात्र हकालपट्टी पटली होती, तो म्हणाला की गाय शेतात चांगली, पण बागेत शिरली तर हाकलावीच लागते.

खानावळीतला अर्ज

१७६६ मध्ये फ्रान्सिस ब्लॅकबर्न या यॉर्कशरच्या आर्चडीकननं, म्हणजे बिशपच्या खालच्या अधिकाऱ्यानं, एक पुस्तक छापलं, वर नाव न घालता. म्हणणं सरळ, प्रोटेस्टंट म्हणवता ना, मग बायबल सोडून माणसांनी लिहिलेल्या कागदावर सही का मागता? त्यातून १७७१ च्या जुलैमध्ये लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या फेदर्स टॅव्हर्न नावाच्या खानावळीत मंडळी जमली आणि अर्ज तयार झाला: ३९ कलमांच्या सहीऐवजी 'बायबल मानतो' एवढंच लिहून घ्या. सुमारे २५० सह्या मिळाल्या, बहुतेक पाद्री आणि थोडे वकील-डॉक्टर. देशात दहा हजारांच्या आसपास गावं, म्हणजे एवढ्याशाच सह्या. विल्यम पेलीला, जो पुढे खूप गाजला, सही मागितली तर म्हणे त्यानं सांगितलं की विवेक पाळणं मला परवडत नाही.

६ फेब्रुवारी १७७२ ला पार्लमेंटमध्ये मतदान झालं. २१७ विरुद्ध ७१, अर्ज फेटाळला.

'पटत नसेल तर नोकरी सोडा ना!'

वाचताना तुमच्या मनात हेच आलं असणार. एडमंड बर्क या खासदारानं तेव्हा पार्लमेंटमध्ये हेच मांडलं आणि तो मुद्दा फालतू नाही. पाद्री व्हायची सक्ती कोणावर नाही, पण एकदा लोकांच्या पैशातून पगार घेतला की काय शिकवायचं हे ठरवायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे. आणि 'बायबल मानतो' ही काय अट झाली, ते एक पुस्तक नाही, पुस्तकांचा ढीग आहे, त्यातून कोणीही काहीही काढेल. बर्क डिसेंटरांच्या सवलतीच्या बाजूनं होता हे पण सांगायला हवं. बाहेर जाऊन काय करायचं ते करा, आत राहून नको.

तरी मला तो पूर्ण पटत नाही. कारण हे चर्च म्हणजे चार दुकानांतलं एक दुकान नव्हतं. विद्यापीठं दोनच आणि दोन्ही त्याचीच. पंचविशीत सही केलेला माणूस पन्नाशीत विचार बदलून बसला, घरात पाच पोरं, घरसुद्धा चर्चचं, तर सोडून जायचं कुठं? आणि आपण वर पाहिलं की सही करणारे सगळे मानत होते असं तर अजिबात नाही, म्हणजे जो प्रामाणिक तोच बाहेर पडणार आणि ज्याला फिकीर नाही तो आरामात राहणार. ब्लॅकबर्न स्वतः राहिला, फक्त नवीन सही लागेल असं पद घेणार नाही म्हणाला.

जो खरंच सोडून गेला

ब्लॅकबर्नच्या सावत्र मुलीचा नवरा थिओफिलस लिंडसे, यॉर्कशरमध्ये कॅटरिकचा पाद्री. अर्जासाठी भर हिवाळ्यात घोड्यावरून सह्या गोळा करत फिरलेला. अर्ज पडल्यावर १७७३ मध्ये त्यानं राजीनामा दिला, घर सोडलं, लंडनला आला आणि १७ एप्रिल १७७४ ला एसेक्स स्ट्रीटवरच्या एका लिलावाच्या खोलीत प्रार्थना सुरू केली. पहिल्या दिवशी बेंजामिन फ्रँकलिन आणि शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली पण होते. प्रार्थनापुस्तक कुठलं, तर क्लार्कच्या त्या खाडाखोडीवरून बनवलेलं. त्रैक्य न मानणारे, देव एकच म्हणणारे, म्हणून युनिटेरियन. तेव्हा हे कायद्यात बसतच नव्हतं, ती आडकाठी १८१३ मध्ये गेली.

ऑक्सफर्डमध्ये नाव घालतानाची सही १८५४ मध्ये रद्द झाली, बाकीच्या धार्मिक अटी १८७१ मध्ये. त्यानंतरच १७८६ मध्ये मँचेस्टरला डिसेंटरांनी काढलेलं आणि पुढे युनिटेरियनांचं झालेलं मँचेस्टर कॉलेज १८८९ ला ऑक्सफर्डमध्ये आलं. एसेक्स स्ट्रीटवरच्या लिंडसेच्या जागेत तोवर युनिटेरियन असोसिएशनचं ऑफिस झालं होतं. १९०१ मध्ये प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे, जमखंडीचे, फर्ग्युसनमधून बीए झालेले, या असोसिएशनच्या स्कॉलरशिपवर बोटीनं विलायतेला गेले आणि दोन वर्षं त्याच मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. नाव घालताना त्यांच्यापुढे ३९ कलमांचा कागद कोणी सरकवला नाही.